एस्ते

शिरोलीच्या फाउंड्रीत मला घेतलं
स्पॅनिश येतं म्हणून.
येतं म्हणजे अकरा महिन्यांचा क्लास, मोबाइलवर,
आणि मागच्या बाजूनं सुरू केलेली दोनशेपानी वही.
तीत दिशांचं पान:
नोर्ते उत्तर, सुर दक्षिण,
एस्ते पूर्व, ओएस्ते पश्चिम.
पश्चिमेला एक ओ जास्त.
मावळता गोळा समजून पाठ केला.

मॉन्तेरेची पहिली ऑर्डर, व्हॉल्व्ह-बॉडी.
खोक्यांवर काय रंगवायचं त्याचा कागद आला:
एस्ते लादो आर्रीबा.
वही काढली. लादो, बाजू. आर्रीबा, वर.
"पूर्वेची बाजू वर," मी सांगितलं.

शब्बीर मुल्लाणींनी ब्रश डब्यात ठेवला.
हायवेकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं.
"खोकं ट्रकात फिरणार, जहाजात फिरणार,
त्येची पूर्व धरून कोण बसणार, ताई?"
बाळकू सुतार रंधा न थांबवता म्हणाले,
"उगवल्यावर येतीच की वर."
त्या दिवशी चौदा खोकी
उगवतीकडं तोंड करून उभी राहिली,
शाळेच्या प्रार्थनेला राहतात तशी.

चूक कळली रात्री, तावडे हॉटेलच्या स्टॉपवर.
एस्ते म्हणजे पूर्व.
आणि एस्ते म्हणजे हा, ही, हे.
ही बाजू वर.
टीव्हीच्या खोक्यावर असतं तेवढंच.
केएमटीत मी एकटीच हसले,
शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.

तिसरा अर्थ वहीत नव्हता.

नवव्या कास्टिंगला केसाएवढी चीर निघाली.
रात्री साडेआठला पडद्यावर दोन एवारिस्तो,
त्यांची सकाळ, मागे कॉफीचा मग.
(माणूस एकच. दोन म्हणजे तिकडचं राव.)
चिरेवर बोट धरून म्हणाले, "एस्ते..."
थांबले.
"एस्ते..."
मी पेन सरसावलं. पूर्व? ही चीर?
पुढं नाम येईना, क्रियापद येईना,
नुसता तो शब्द, लांबवलेला,
विहिरीत सोडलेल्या दोरासारखा.

बाळकू सुतारांनी चष्मा कपाळावर सारला,
आपल्याकडच्या नमुन्यावर बोट ठेवलं,
"ह्ये..."
"एस्ते..."
"ह्ये आपलं, ह्ये..."
बोट घसरत रायझरच्या मुळाशी गेलं.
तिकडचंही तिथंच आलं.
"सी, सी," दोन एवारिस्तो म्हणाले.
"त्येच म्हणतोय मी मगाधरनं," सुतार म्हणाले.
मी दुभाषी,
दोघांच्या मधे पाण्याची बाटली उघडून बसलेली.
त्या मिनिटाचाही पगार मिळाला.

दिशांच्या पानावर आता गिचमीड आहे.
एस्तेपुढं पूर्व,
खाली हा-ही-हे,
त्याखाली तिरपं, जागा नव्हती म्हणून:
ह्ये, शब्द सापडेपर्यंत.
पूर्व खोडली नाही. ती काही चुकीची नव्हती.

सकाळी पंचगंगेच्या पुलाआधी
उजव्या खिडकीतलं ऊन थेट डोळ्यांत येतं,
नेमका तेव्हाच कंडक्टर विचारतो, कुठं?
रोजचं ठिकाण. तरी तोंडातून निघतं,
"ह्ये..."
सुट्टे मोजत तो म्हणतो,
"एमआयडीसी न्हवं?"