ठिकाण

लेबलवर असा एक रकाना असतो.
तीन इंच रुंद. त्यात सडा मावत नाही.

बमी वरक पुढे, काठी टेकत,
मी मागे, दाबफळ्या पाठीला बांधून.
ती पाय ठेवील तिथेच पाय ठेवायचा,
बाजूला शेवाळ, त्याला कुणाची भीड नाही.
म्हशी धुक्यात. घंटा तेवढ्या चरत होत्या.

"हे बघ तुझं," ती म्हणाली.
जांभ्याच्या भेगेत चार बोटं माती,
तेवढ्यावर उभं, गुडघ्याएवढं,
पांढऱ्या छत्र्या उघडून.
कडेच्या पाकळ्या ऐसपैस, आतल्या हिशेबी.
पान चुरडलं. हो, गाजर.
म्हापशाच्या बाजारातलं गोड, धुतलेलं नव्हे,
त्याची रानात राहिलेली आत्या.

माझ्या वहीत होतं: पठार, उंची, पाऊसमान.
बमीचा पत्ता निराळा.
पाणी थांबतं पण बसत नाही, तिथं.
चिरेवाल्यांचं यंत्र अजून चढलं नाही, तिथं.
आणि मे महिन्यात आलास तर कुठंच नाही.
काळा तवा नुसता,
तव्याखाली बोटभर कंद,
श्वास धरून.

मी खुरपं काढलं. नियम आहे, मुळासकट हवं.
ती उकिडवी बसली
आणि खुरप्याकडे बघत राहिली.
चवथीला खालची पोरं येतात, म्हणाली, माटोळीसाठी.
फुलं नेतात. न्यावीत.
गेल्या साली एकानं कंद नेले, पिशवी भरून.
देवाला कंद कशाला?
देव काय साळिंदर?

हसलो दोघंही.
मग मी खणलंच. एकच.
खड्डा तिनं पायानं बुजवला,
वर एक चपटा दगड ठेवला,
घागरीवर झाकण ठेवावं तसा.

वाळपईहून पणजीच्या बसमध्ये
शेजारच्या बाईनं दोनदा वास घेतला, विचारलं नाही.

रात्री लेबल. कूळ लिहिलं, तारीख लिहिली.
गोळा करणारा: माझं नाव.
तिनं गोळा काही केलंच नव्हतं,
दाखवलं फक्त.
दाखवणाऱ्याला रकाना नाही.

ठिकाणापाशी पेन थांबलं.
सड्याचं नाव मला येतं. वाटही येते,
कुठल्या दगडाशी वळायचं तेही.
गोवा, एवढंच लिहिलं.

सोमवारी साहेब विचारतील, गोव्यात कुठे?
टीपकागदात कंद अजून ओला आहे.