खोकल्याची जागा

मी गायलो नाही कधी. वाजवलंही नाही काही.
मी व्हॅन चालवायचो.
हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक विचारतात,
त्या बँडमध्ये तू कोण होतास?
आणि मी म्हणतो, डिझेल.

डिम्प्ना टूमी. यॉलच्या गालिच्यांच्या कारखान्यात
तुटलेल्या धाग्यांना गाठ मारायची.
आवाज तिथेच कमावला तिने,
मागांच्या खडखडाटावरून पलीकडच्या बाईला
किती वाजले, ते विचारता विचारता.
म्हणून पुढेही प्रत्येक गाणं
ती काहीतरी विचारल्यासारखं म्हणायची
आणि उत्तराला न थांबता कडवं बदलायची.

ऐंशी साली केस स्वतःच कापले,
माशांचे पर कापायच्या कात्रीने.
डोळ्यांना पहिल्यांदा बुटांचं पॉलिश लावलं.
डोळे सुजले. लोकांना वाटलं, तीच फॅशन.

सिंथेसायझर हप्त्यांवर घेतलेला.
ओल लागली की त्याचा सूर खाली घसरायचा,
आणि आमच्याकडे ओल कुठे नसते?
तिच्या मावशीची पिसांची रजई, आत गरम पाण्याची पिशवी,
तापातल्या पोरासारखा गुंडाळून न्यायचो मी त्याला
मॅलोला, नीनाला, बॅलिनस्लोला,
जिथे लोक जोडीने वॉल्ट्झ नाचायला आलेले असायचे
आणि भिंतीला पाठ लावून उभे राहायचे.
एका गावी फादर क्वर्कनी साडेअकराला
मेन स्विच खाली ओढला.
अंधारात तिचा आवाज तेवढा चालू राहिला.
विजेवर नव्हताच तो.
चौदा जणांनी टाळ्या वाजवल्या.
अंधारात मोजता येत नाही म्हणतात. येतं.

रेकॉर्ड एकच. पाचशे प्रती.
कॉर्कमध्ये खाटकाच्या दुकानावरची खोली,
तीही रात्रीची, कारण दिवसा खाली हाडं तोडायचे.
मी दारापाशी, श्वास धरून.
दोन मिनिटं अकरा सेकंदांवर
ती 'ये' म्हणून थांबते
आणि मग 'येऊ नकोस' म्हणते.
त्या मधल्या जागेत मी खोकलो.
पुन्हा करायला पैसे नव्हते.
लेबलवर डिम्प्नाचं डेम्प्सी छापलं.
डेम्प्सी टूमी नावाचा कुणी पाचशे वेळा जन्मला
आणि साडेतीनशे वेळा माझ्या गॅरेजमध्ये पडून राहिला.

टीव्हीचं बोलावणं आलं ब्याऐंशीच्या जानेवारीत.
बर्फ असा पडला की मेंढ्या कुंपणावरून चालत गेल्या.
नेसच्या अलीकडे व्हॅन रुतली. डब्लिन वीस-बावीस मैल.
मी फावडं मारत होतो,
ती पुढच्या सीटवर, तोंड रंगवून तयार,
अंड्याचं सँडविच खात बसलेली.
रडली नाही. म्हणाली, 'आजचा चेहरा वाया गेला.'
तिच्या जागी त्या रात्री कुणीतरी
करवतीवर धून वाजवली म्हणे.

मग लंडनचे अकरा आठवडे.
त्याबद्दल ती बोलत नाही, मी विचारत नाही.
परतली तेव्हा केस वाढलेले,
सिंथेसायझर नव्हता.
रजई होती.

पुढे एकतीस वर्षं मोटार टॅक्सच्या खिडकीत.
काचेला बोलण्यासाठी भोकांची चकती.
पोस्टाने भरता येत असूनही
मी दर वर्षी रांगेत उभा राहायचो.
'गाडी तीच?'
'तीच.'
शिक्का.

गेल्या वर्षी रॉटरडॅमच्या एका पोराने
ते गाणं पुन्हा काढलं, यंत्रावर घासूनपुसून.
धूळ गेली, खरखर गेली,
नाव एकदाचं दुरुस्त झालं.
खोकलाही गेला.
तिने मला प्रत पाठवली. आत चिठ्ठी नाही,
पाकिटावर माझ्या नावाखाली
जुन्या व्हॅनचा नंबर.

रात्री भांडी विसळून झाली की लावतो.
ती 'ये' म्हणते. थांबते.
मी खोकतो.
कुत्रा मान वर करतो, पुन्हा टेकवतो.
मग ती म्हणते,
येऊ नकोस.