कार्बन

खानापूरच्या कोर्टासमोर, चिंचेखाली, माझी दोन मशिनं.
डावीकडं कानडी, उजवीकडं मराठी.
रवळोजी घाडी वकील पहिल्यांदा आले
तेव्हा कोटाला डांबरगोळ्यांचा वास होता
आणि सायकलच्या कॅरिअरला एक फणस.
"पहिल्या अशिलाची फी," म्हणाले,
"अर्धा तू घे, टायपिंगचा."

अशील म्हणजे कणकुंबीकडची सातेरी गुरव.
जमिनीची नोटीस आली होती तिला, कानडीत.
सरकारचा कागद म्हणून तिनं तो देवळीत ठेवला,
रोज हळदकुंकू वाहिलं.
मुदत तिथंच संपली, कुंकवाखाली.
वकील कोर्टात एवढंच म्हणाले:
"बाईला वाचता येत नाही, हे कबूल.
पण तुम्ही तिला सांगितलंत का?"

केस हरले.
त्या दिवसापासून लोक म्हणू लागले, आमचा वकील.
मग, आमचा माणूस.
मग एका नोव्हेंबरात काळ्या फिती लावून निघालेल्या सायकलींमधून
कुणीतरी ओरडलं, आमचा आमदार!
आणि ते खरंच झालं,
अकराशे बावीस मतांनी.

पहिलं भाषण मी टाईप केलं. चाळीस पानं.
रात्रीच्या गाडीनं बेंगळूर,
आणि सकाळी त्या दगडी इमारतीत
ते मराठीत उभे राहिले.
बाकं वाजली, माईक बंद झाला, ते बोलत राहिले.
महिन्यानं छापील इतिवृत्त आलं.
चाळीस पानांची तिथं एक ओळ:
"माननीय सदस्य मराठीत बोलले."
मीच वाचून दाखवली.
ओळ कानडीत होती.

बराच वेळ गप्प. मग:
"इराप्पा, तुझी आई कुठल्या भाषेत रागावायची?"
"कानडीत, साहेब."
"मग तीच शिकव."

कोर्ट सुटल्यावर आम्ही बसायचो.
होळे म्हणजे नदी.
"आमची होळी पेटते आणि तुमची वाहते," म्हणत
वहीत गोल गोल अक्षरं काढायचे,
पोराच्या हस्ताक्षरात, जीभ दातांत धरून.

दुसऱ्या अधिवेशनात सहा मिनिटं बोलले.
कानडीत. फक्त मलप्रभेवरच्या पुलाबद्दल,
आणि पुरात घोंगड्याच्या झोळीतून नेलेल्या
एका बाळंतिणीबद्दल, जी पोचली नाही.
सभागृह शांत. पूल मंजूर.
इतिवृत्तात तीन पानं, व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून.

इकडं गावात त्यांच्या पाटीवर शेण.
स्टँडवरच्या मारुतीनं चहा द्यायचा बंद केला,
"काय करूलास बाबा, घरी जा," म्हणाला,
वीस वर्षांची ओळख असून.
फितूर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा टाईप केला,
पत्रकात, दुसऱ्यांच्या पैशांनी.
ते त्यांनी पाहिलं. काही बोलले नाहीत.
पुढच्या वेळी डिपॉझिट गेलं.

पूल झाला. पाटीवर त्यांचं नाव नाही,
बरंच आहे, कारण त्या पाटीला
एकदा ह्यांनी काळं फासलं, एकदा त्यांनी.
बस मात्र रोज जाते.

मग परत चिंचेखाली. तोच कोट, पोटावर घट्ट.
एका दुपारी म्हणाले,
"इराप्पा, ते चाळीस पानी भाषण आहे का तुझ्याकडं?"
"कॉपी नाही, साहेब. कार्बन आहे, शेवटच्या पानाचा."

महाग असायचा कार्बन. मरेपर्यंत वापरायचो आम्ही.
मी तो उन्हात धरला.
त्यांची वाक्यं होती, पण त्यांच्यावर
नंदगडच्या कुणाचं तरी खरेदीखत,
बांधावरची भांडणं, एक काडीमोड,
जामिनाचे अर्ज, सगळे कानडीत,
एकाच काळ्या रानात एकमेकांत शिरलेले.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.
"काहीच लागत नाही रे."
"नाही, साहेब."
"टाकू नकोस मग,"
म्हणून त्यांनीच घडी घालून
सदऱ्याच्या खिशात ठेवला, छातीशी.

दुसऱ्या दिवशी तुळसावहिनींनी विचारलं,
हा डाग कशाचा? सोड्यानंही जात नाही.