स्टिकर फाटल्यास हमी रद्द

आमचा फ्रीज गरम होतो.
हे मी फोनवर सहा वेळा सांगितलं,
सहा वेगवेगळ्या मुलींना.
सहाही जणींनी विचारलं, प्लग लावलाय ना?

मुर्मान्स्कला डिसेंबरात सूर्य उगवत नाही.
खिडकीबाहेर उणे एकोणीस,
आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात
साठ हजार रूबलचं हे पांढरं धूड
दुधाला ऊब देत उभं.

ग्लेब स्टूल ओढून त्याच्यासमोर बसतो.
सत्तावीस वर्षं बर्फफोड्या जहाजाच्या पोटात
हा माणूस इंजिनं दुरुस्त करत होता.
कारा समुद्रात एकदा, मिट्ट अंधारात,
सुपाच्या पातेल्याच्या झाकणातून वॉशर कापून
त्यानं पंप चालू केला
(हे मी चारशे वेळा ऐकलंय,
झाकण दर वेळी मोठं होतं).
त्याच माणसाला आता चार स्क्रूंपलीकडे मज्जाव.
मागच्या पत्र्यावर करंगळीएवढा चंदेरी स्टिकर:
फाटल्यास हमी रद्द.
त्याचे हात शिवशिवतात. मी चहा देते.

कंपनीचा माणूस, रोदिओन, आला
तो बर्फाळ बुटांनिशी थेट आत.
फ्रीज इतका लबाड, की त्याच्या पुढ्यात गारठला,
डॉक्टर दिसला की खोकला थांबतो तसा.
"थंड आहे की," म्हणाला, सही घेतली, गेला.
जिना उतरेपर्यंत लोण्याला पाणी सुटलं.

दुसऱ्या खेपेला त्यानं पंखा बदलला.
जुना पंखा ग्लेबनं बोटानं फिरवून पाहिला,
कितीतरी वेळ फिरत राहिला तो.
"हा तर धडधाकट आहे."
रोदिओननं खांदे उडवले.

एव्हाना मी खिडकीखालचं कपाट रिकामं केलं होतं.
आमच्या जुन्या इमारतीत प्रत्येक घरात असतं तसलं:
बाहेरची भिंत अर्ध्या विटेची, एक भोक, दोन फळ्या.
मोटर नाही, कागद नाही, फोन नंबर नाही.
रंगाचे डबे गेले,
दूध आलं, कॉड आला,
मोरोश्काच्या मुरंब्याच्या नऊ बरण्या आल्या,
मग तिसऱ्या मजल्यावरच्या फाइनाचं आंबट साय-दहीही आलं,
तिच्या कपाटात तिचा जावई बिअर ठेवतो म्हणून.

तिसऱ्या खेपेला रोदिओननं मूळ पावती मागितली.
जपून ठेवली होती मी,
लग्नाच्या दाखल्याच्या घडीत.
काढली तर कोरी.
दुकानाचं नाव, तारीख, साठ हजार,
सगळं उडून गेलेलं.
दिव्याखाली धरली, तिरकी धरली.
"ही पावती नाही," तो म्हणाला.
खोटं काय बोलला?

"म्हणजे," ग्लेब स्टुलावरून उठला,
"आता हमी नाहीच?"
"नाही."
"अजिबात नाही?"
"अजिबात."
ऑक्टोबरपासून पहिल्यांदा मला त्याचे वरचे दात दिसले.

लिफ्ट खाली पोचायच्या आत
हत्यारांची पेटी जमिनीवर पसरली होती.
आत एक वायर, पत्र्यात चिमटलेली.
बस, एवढंच.
स्टिकर त्यानं नखानं अलगद सोडवला, अख्खाच्या अख्खा,
आणि खिडकीखालच्या कपाटाला नेऊन चिकटवला.

फ्रीज आता थंड होतो. जरा जास्तच.
काल अंडी दगड झाली होती.
"उद्या परत उघडून बघतो," ग्लेब म्हणाला,
तोंडात स्क्रू धरून.
बघ, म्हटलं, घाई नाही.
दूध मी अजून भिंतीतच ठेवते.