उलट बाजू

हार्नेस हा शब्द बाबांना माझ्याआधीपासून माहीत.
जकार्डखाली लोंबणाऱ्या शेकडो दोऱ्या,
एकेक दोरी एकेक धागा उचलणारी,
तो त्यांचा हार्नेस.
चादरीवर मोर उठायचा तो त्याच्या जिवावर.

माझा त्यांनी पहिल्यांदा पाहिला
दाजीपेठेतल्या घरी, मेच्या दुपारी.
चव्वेचाळीस अंश.
भिंतीला पाठ टेकली तरी चटका.
कॉलेजातल्या सीनियरनं फुकट दिलेला, निळा.
"मस्ताय बे, दोनदाच वापरलाय."

बाबांनी चष्मा शोधला नाही.
पट्टा उलटा केला
(विणणारा माणूस कापडाची उलट बाजूच आधी बघतो)
आणि काठाकाठानं अंगठा फिरवत गेले,
टाके, जोड, बकलाचं तोंड,
मग पुन्हा काठ.
एका जागी अंगठा थांबला.
बोटभर जागा. कडक. रंग किंचित उडालेला.
"कुठं ठेवला होता त्यानं?"
मी फोन लावला.
जिन्याखाली. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी. दोन वर्षं.

"वद्दू, बिड्डा."
मराठीत त्यांना इतकं ठाम नाही म्हणता येत नाही.

मग कात्री मागितली.
तीस वर्षं मागावर,
माल बिघडला तरी कात्री लावताना ज्यांचा चेहरा उतरायचा,
त्यांनी पट्टा कापला, मांडीचे फास कापले,
मधली जाड कडी दोन हातांनी जोर लावून कापली.
"कचऱ्यातून उचलून उद्या कुणी बांधला तर?"
मी काहीच बोलले नाही.
फुकटची वस्तू होती, तरी रडू आलं.

रविवारी म्याकल सरांनी पोत्यातून चार हार्नेस काढले,
विजापूर रोडपलीकडच्या मैदानात, पत्र्याच्या सावलीत,
जिथं सोलापूरचा एकुलता एक उभा कडा
प्लायवूडचा आहे.
मला जांभळा आवडला.
जांभळा कमरेच्या हाडावरून खाली सरकला.
"उलटी झालीस तर पँटसारखा निघेल," सर म्हणाले.
करडा बसला, हाडांच्या वर, कमरेच्या बारीक जागी.
"पोटभर श्वास घे. आता तळहात घाल आत.
गेला? आता मूठ वळ.
नाही ना वळत? मग बरोबर."
बकलातून शेपूट वीतभर बाहेर हवं.
आणि मग टांगलं मला, जमिनीपासून हातभर,
पाच मिनिटं, घड्याळ लावून.
आरशात सगळेच हार्नेस चांगले दिसतात.
बाबा विचारत होते, मुंग्या येतायत का? मांडीत? कुठंच नाही?

किंमत ऐकून ते गप्प झाले.
ओठ हलले; चादरींत हिशेब चालला असावा.
मग आतलं लेबल वाचायला मात्र त्यांनी चष्मा लावला,
कधी बनला ते साल दोनदा वाचलं
आणि पैसे मोजले.

दोर खालच्या फासातून, मग वरच्या,
दोन्हींतून. एकातून कधीच नाही.
आठाची गाठ. शेपटी लांब.
बाजूच्या कड्या सामानाच्या,
त्यांना पाण्याची बाटली अडकव, जीव नको.
माझं बकल जोडीदारानं बघायचं, त्याचं मी,
हात लावून, तोंडानं बोलून,
कितीही घाई असो, कितीही ओळख असो.

उजव्या पायाचा अंगठा पहिल्या पकडीवर ठेवला तेव्हा
पोटात शेंगाचटणी-भाकरी दगडासारखी बसली होती.
पाचवी पकड. सातवी.
नववीला हात सुटला.

दोर ताणला गेला. पट्ट्यानं मला धरलं,
कमरेला आणि दोन्ही मांड्यांना, सारखं.
जाडजूड कापड नुसतं.
एक उभा धागा, एक आडवा,
कुठल्या तरी गावातल्या कुणीतरी
झोप न काढता विणलेला.

बाबा बघतायत का म्हणून खाली पाहिलं.
नव्हते बघत.
रांगेतल्या पुढच्या पोराला थांबवून
त्याचा पट्टा त्यांनी उलटा केला होता,
आणि अंगठा काठावरून हळूहळू
पुढं सरकत होता.