फाउल

जेलरोडला, मोबाइल-कव्हरांच्या दुकानावर,
अरुंद जिन्याने चढलो आम्ही पाचजणी.
दोघींचे गुडघे बदललेले,
तिसरीचे बदलायचे राहिलेले.
गोंदणारा पोरगा जेमतेम चोवीसचा.
म्हणाला, "आंटी, मेहंदीवाला नीचे बैठता है."

मी पिशवीतून जर्सी काढली.
नारायणबाग संघ, नंबर सात,
कधीकाळी पांढरी.
सत्त्याऐंशीच्या फायनलपासून धुतलेली नाही.
आईने दोनदा बादलीपर्यंत नेली,
दोनदा मी हिसकावून आणली.
पाठीवर उज्जैनच्या मैदानाची काळी माती
आणि मातीत पाच बोटं.

"पंजा?" पोरगा म्हणाला. "पार्टी का काम है क्या?"
हेमा तांबटला हसून हसून ठसका लागला.
"पार्टीच की रे. नऊ जणींची."

नऊतल्या दोघी आता नाहीत.
एक कॅल्गरीला, तिने फोटो मागवलाय.
एकीने फोन उचललाच नाही.

त्याला कसं सांगणार,
खो पाठीवर मिळतो.
आपण उकिडव्या, तोंड पलीकडे,
मागचा सगळा खेळ नुसता कानांनी बघायचा.
श्वास जवळ येतो, पावलं येतात,
आणि शेजारणीला मिळतो.
मिळायच्या आधी उठलीस तर फाउल.
मिळाल्यावर विचार करत बसलीस
तर गेलीच समोरची खुंटापलीकडे.

हा हात चंदा बोरासीचा.
खेळता खेळता मराठी शिकलेली चंदा.
बावीस सेकंद उरली होती, तिचा घोटा मुरगळला,
तिने कशीबशी मला गाठली
आणि उरलेलं पळणं
माझ्या पाठीत ठेवलं.

आधी मी पालथी झाले. मग शमीम, मग हेमा.
सुई मणक्यापाशी आली तेव्हा मी
देवाचं नाव घेतलं नाही,
टोणगावकर सरांना शिव्या घातल्या.
"नवऱ्याला विचारलंस?" ममताने विचारलं.
"दिसेल तेव्हा दिसेल," हेमा म्हणाली.
"बारा वर्षांत पाठीकडे बघितलंय कुठे त्याने!"

चंदा शेवटी.
पोराने तोच छाप उचलला
तशी ती उशीतूनच बोलली,
"थांब भिया. हा तर माझाच हात.
मीच मला खो कसा देऊ?"

मशीन नुसतं गुणगुणत राहिलं.
आम्हाला तिचं धावणं आठवत होतं, सगळं,
वळताना डावा खांदा कसा पाडायची तेसुद्धा.
ती बसलेली मात्र
कुणालाच आठवेना.
तिला उठवायचं कोण?

"ए कर्णिक," ती म्हणाली, "हात आण."

पोराने माझा तळवा शाईत दाबला, कागदावर उठवला.
सांधे फुगलेले,
अंगठीखाली खळगा,
रतलामच्या कॅम्पात मोडलेली करंगळी बाहेर वळलेली.
"उँगली सीधी कर दूँ?"
"खबरदार," पालथी चंदा म्हणाली.

तासभर सुई तिच्या पाठीवर
माझी करंगळी वाकडी करत राहिली.
मी बघत होते.
माझा मला दिसत नाही,
दोन आरसे धरले तरी उलटाच दिसतो.
आपली पाठ दुसरीलाच माहीत असते, तसंच आहे ते.

रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस.
प्लास्टिकच्या स्टुलांवर पाचजणी,
पाठ कुठेच टेकवता येईना.
पाठी जपता जपता
एकीचं तोंड दुकानाकडे झालं,
पुढचीचं रस्त्याकडे,
तिच्या पुढचीचं दुकानाकडे.
कुणी ठरवलं नव्हतं.

गर्दीतून एक पोरगा कुल्फ्या उंच धरून चालला होता,
त्याचा हात चंदाला मागून लागला.
द्रोण सांडला थोडा,
ती अर्धी उठलीसुद्धा,
बदललेल्या गुडघ्यांवर, साठीला दोन वर्षं कमी असताना.
मग बसली.
"आवाज नव्हता," म्हणाली,
आणि कीस खाऊ लागली.