खालून

चाळीस डॉलर घेतो मी
दुसऱ्याला घ्यायच्या गाडीखाली
पाठीवर सरकत जायचे.
ईरी सरोवराच्या या काठावर
पाच महिने रस्त्यांवर मीठ टाकतात,
आणि इथली प्रत्येक गाडी
खाल्ल्या मिठाला जागते, आतून, हळूहळू.

आज बर्नडेट कुझमिकीसाठी आलोय.
इस्पितळाच्या लॉन्ड्रीत रात्रपाळी, वय एकसष्ट.
तिच्या गाडीचा गिअरबॉक्स
मागच्या मंगळवारी पुलाच्या मध्यावर गेला.
शोरूममध्ये तिने हीच गाडी पाहिली, याच सालची,
कंपनीचा शिक्का असलेली:
एकशे बावन्न गोष्टी तपासल्याचं पत्रक, खाली सही,
दोन वर्षांची हमी,
आणि किंमत तीन हजार दोनशेने जास्त.
"शिक्क्याचे चार महिन्यांचं घरभाडं," ती म्हणाली.
शिक्का म्हणजे तरी काय,
माझ्यासारखाच कुणीतरी पाठीवर पडलेला,
फक्त गणवेश धुतलेला.

इथे शिक्का नाही. ऑर्विल हॅगर्टी आहे,
त्याचा ड्राइव्हवे आहे, मार्चचा काळा बर्फ आहे.

खालून माणसं घोट्यापर्यंतच दिसतात.
तिचे पांढरे रबरी बूट, एका जागी न ठरणारे.
त्याच्या घरातल्या सपाता, एकीची शिवण उसवलेली.
खोटं बोलणाऱ्याचे पाय मला ओळखता येतात
असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.
येत नाहीत.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत जातो.
टण्. टण्. टण्.
मागच्या उजव्या चाकापाशी थप्प.
गंजाचे पोपडे थेट डोळ्यांत.
चश्मा वर राहिलाय, टूलबॉक्सवर.

"डोरीनची गाडी," तो वर सांगतोय,
"ती सगळं लिहून ठेवायची."
कप्पा उघडल्याचा आवाज.
बर्नडेट वाचते, मोठ्याने, मला ऐकू जावं म्हणून:
तेल बदललं, चव्वेचाळीस हजार मैल.
पुढचे ब्रेक, बेकरीशेजारच्या लुच्च्याकडून. पुन्हा जायचं नाही.
नोव्हेंबर, हरीण. चूक माझी, रेडिओचं बटण फिरवत होते.

तेवीस वर्षांत मी अशा बऱ्याच वह्या पाहिल्या.
हरीण कुणी लिहीत नाही.

मग नुसतीच पानं उलटल्याचा आवाज.
"पुढे?"
"पुढे काही नाही."
"दोन वर्षं?"
"दर रविवारी चालू करायचो. गॅरेजमध्येच.
दार उघडं ठेवून, मुलगी ओरडते म्हणून.
बसायचो जरा."
सपाता हलल्या नाहीत.

मी बाहेर येतो, डोळा चोळत, आणि सांगतो ते सांगतो:
ब्रेकची एक नळी सडलीय, लवकर बदला.
टायर उभ्या उभ्या एका बाजूने चपटे झालेत.
एका वायरीवर उंदराचे दात आहेत.
इंजिन चांगलं. चांगलं म्हणजे
आज, आत्ता, सव्वाअकरा वाजता चांगलं.
खर्च नऊशेच्या आसपास.

"तू असतास तर घेतली असतीस?"
या प्रश्नाचे मी पैसे घेत नाही,
म्हणून उत्तरही देत नाही.
विकतचं दुखणं मी घरी दोनदा आणलंय,
दोन्ही वेळा कागदपत्रं चोख होती.

ती वही मिटते. पण कप्प्यात परत ठेवत नाही.
"नऊशे कमी कराल?"
"आठशे," ऑर्विल म्हणतो, सवयीने,
आणि लगेच, "बरं. नऊशे."

किल्ली. ती आत बसते.
डोरीन चणीने लहान असणार,
बर्नडेटचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.
हात सीटखाली गेला, दांडी सापडली,
आणि तिथेच थांबला.

काच खाली आली.
"सीट मागे घेऊ का?"

नऊशेला त्याने चटकन हो म्हटलं होतं.
याला वेळ लागला.
मी चिंधीने हात पुसत उभा होतो,
पुसून झाल्यावरही.